शास्त्रात लिहिलंय तेवढंच मानायचं का?

मिरजकर
परवा मिरजेत एका लग्नाच्या पंगतीत वाद पेटला. मुलगी आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, मुलगा कॅथलिक. त्यांच्याकडचे एक काका म्हणाले, "तुमचं सगळं पुस्तकात, आमचं पुस्तकातही आणि परंपरेतही." मला नाही पटलं. परंपरेचा मान राखावा, पण 'हे मानलंच पाहिजे' असं सांगायचा अधिकार फक्त शास्त्राला, म्हणजे बायबलला. मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हटलं की जबाबदारी संपली, ही वाडवडिलांची परंपराच होती. येशूने तिच्यावरूनच परूश्यांना, म्हणजे कडक नियम पाळणाऱ्या यहुदी पंथाला, झापलं.

कृष्णाकाठ
दादा, नव्या करारात २७ पुस्तकं कुठली, हे नव्या करारातल्या कुठल्या पानावर आहे? आजची यादी जशीच्या तशी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते. त्याआधी तीनशे वर्षं मंडळी चाललीच होती ना? प्रेषित पौल तर थेस्सलनीकाकरांना सरळ सांगतो (दुसरं पत्र, २:१५) की तोंडी शिकवलेलं आणि पत्रातून शिकवलेलं, दोन्ही घट्ट धरा. 'घेण्यापेक्षा देण्यात धन्यता' हे येशूचं वचन चारही शुभवर्तमानांत शोधून दाखवा. मिळणार नाही. पौलाने ते ऐकीव सांगितलं.

मिरजकर
आणि लूकने प्रेषितांच्या कृत्यांत लिहून ठेवलं, म्हणून तर तुम्हाला माहीत! पौल हयात होता तोवर शंका आली तर त्यालाच विचारता यायचं. आता कुणाला विचारणार? दुसऱ्या शतकातला बिशप पापियस म्हणायचा, पुस्तकांपेक्षा जिवंत वाणी बरी. त्याच वाणीतून आलेलं येशूचं म्हणून एक वचन त्याच शतकातल्या इरेनियस या बिशपने नोंदवलंय: दहा हजार फांद्यांच्या द्राक्षवेली, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि पुढे असंच वाढत जातं. आमच्या तासगावचे बागायतदारही हसतील. हे तुमच्या चर्चमध्ये तरी कुणी शिकवतं का?

साताऱ्याची
मधेच बोलते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत काढली. आमच्या घरातल्या बायका विश्वास शिकल्या त्या त्यांच्या भजनांतून, वाचता येत नसतानाही. भजन म्हणजे शास्त्र नव्हे, कबूल. पण मिरजकरदादा, सीएनआयमध्ये तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात, त्याची स्पष्ट आज्ञा कुठल्या अध्यायात आहे?

कृष्णाकाठ
ताईंनी बरोबर नस पकडली. पापियसचं म्हणाल तर परंपरा म्हणजे एकट्याची आठवण नव्हेच; सगळ्या मंडळ्यांनी मिळून जपलेलं ते. तोच इरेनियस म्हणतो, काही जमातींकडे शाई-कागद नसूनही खरा विश्वास टिकला. १५४६ मध्ये त्रेंतच्या कॅथलिक धर्मसभेने लेखी शास्त्र आणि अलिखित परंपरा दोन्हींना सारखाच आदर दिला, तो उगाच नाही.

मिरजकर
सगळ्यांनी मिळून? मग मरिया सदेह स्वर्गात गेली, हे तुमच्याकडे १९५० मध्ये बंधनकारक झालं. पहिल्या दोन शतकांतल्या एका तरी मंडळीने ते लिहिलंय का?

कृष्णाकाठ
लिहिलेलं नाही. पण लेखी पुरावाच मागायचा, तर वाद सुरू होण्याआधीच तुम्ही निकाल लावून बसलात.

मिरजकर
बरं, तोंडी द्या. कुणाच्या तोंडचं, तेवढं सांगा.

साताऱ्याची
दादा, बाप्तिस्म्याचं राहिलंच.