सोसायटी ग्रुप: जुनी सायकल घेण्याबाबत

ब-४०३: नमस्कार. कोथरूड ते शिवाजीनगर हा रोजचा प्रवास सायकलने करायचे ठरवले आहे. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, म्हणून ६,५०० रुपयांची एक जुनी गिअरची सायकल पाहिली आहे. विकणारा आजच होकार मागतो आहे आणि त्या घाईचीच काळजी वाटते. काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अ-१०४: पार्किंगमधील बेवारस सायकली उचलल्याशिवाय नवी सायकल आत येऊ नये, हे मी वार्षिक सभेतही सांगितले होते.

क-५०२: रंगाला भुलू नका. सायकल उलटी करून पायडलच्या आसाखाली ठोकलेला फ्रेम नंबर वाचा; तो घासलेला असेल आणि बिलही नसेल, तर चोरीचा माल घरात येण्याची शक्यता आहे. मग चाक फिरवून पाहा. थोडे आउट असेल तर आरे आवळून निघते, रिमच वाकलेली असेल तर सोडून द्या.

ब-२०१: आउट चाकाचा साहेबांना दांडगा अनुभव आहे, कारण गेल्या दिवाळीत त्यांनी मला विकलेल्या सायकलचे चाक आठवडाभरही सरळ चालले नाही. सल्ला मात्र योग्य आहे.

क-५०२: ताई, ती सायकल आपण स्वतः चालवून पाहिली होती.

क-१०१: मी खडकीच्या कारखान्यात कित्येक वर्षे सायकलने गेलो. तेव्हा सायकलला बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. बाळा, साखळी मोजून घे. पट्टीचा शून्य एका पिनेवर ठेवलास की नव्या साखळीत १२ इंच बरोबर दुसऱ्या पिनेवर येतात. ती पिन १/८ इंच पुढे सरकलेली दिसली, तर साखळीबरोबर मागची दातेरी चक्रेही बदलावी लागतील, हे धरूनच भाव कर.

अ-३०६: आजोबांनी पट्टी घेऊन सोबत जावे, विकणारा आपोआप हजार रुपये उतरेल.

अ-१०४: बेवारस सायकलींचे काय?

ब-२०१: काका, ब विंगच्या जिन्याखालची धुळीने माखलेली सायकल आपल्या चिरंजीवांची आहे, याची नम्र आठवण.

क-५०२: मूळ विषयाकडे येतो. दांडीवरून दोन्ही पाय टेकवून उभे राहा. मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी. सकाळी नदीकडे उतार लागतो, परतताना चढ, म्हणून चाचणी चढावर घ्या आणि जोर दिल्यावर साखळी दात सोडते का, ते पाहा.

ब-४०३: आत्ताच परतलो. साखळी ठीक निघाली, पण फ्रेम नंबर कानसीने घासलेला होता आणि बिल मागताच ते गृहस्थ रागावले. व्यवहार केला नाही. काका, जिन्याखालची सायकल विकायची असल्यास मी येऊन मोजू का?

अ-१०४: मुलाला विचारून कळवतो.

सचिव: स्टीलची पट्टी सोसायटी कार्यालयाची आहे, ती मोजणी झाल्यावर परत ठेवावी.