वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या विकारावर इंजेक्शनऐवजी लेझर चालेल का?

गोदाकाठ, नाशिकरोड:
माझे वडील ७४ वर्षांचे असून नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. ज्यांची हयात बारीक छपाई तपासण्यात गेली, त्यांना महिन्याभरापासून वर्तमानपत्रातील ओळी मधोमध वाकलेल्या दिसू लागल्या. चष्म्याचा नंबर बदलला असावा, अशी आमची समजूत होती. तपासणीत मात्र वाढत्या वयामुळे होणारा पडद्याचा विकार निघाला, उजव्या डोळ्यात ओला आणि डाव्यात कोरडा. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शने सुचवली आहेत. मामांचे म्हणणे असे, की पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या शेजाऱ्यांचे लेझरने एका बैठकीत काम झाले होते, मग दर महिन्याला सुई कशाला? जाणकारांनी कृपया सांगावे.

पंचवटीकर:
मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारा) आहे. मामा सांगतात ते त्या काळापुरते खरे आहे. ओल्या प्रकारात पडद्याखाली उगवणाऱ्या गळक्या रक्तवाहिन्या उष्ण लेझरने जाळणे, हाच तेव्हा सिद्ध झालेला उपचार होता; परंतु त्या जाळताना वरचा पडदाही जळतो आणि तिथे कायमचा काळा डाग राहतो, त्यामुळे वाहिनी अगदी मध्यबिंदूखाली असेल तर वाचण्याची नजर उपचारानेच जाते. २००० साली व्हर्टेपोर्फिन आले. हे औषध हाताच्या शिरेतून देऊन थंड लेझरने डोळ्यात जागे करतात. त्याने पडदा भाजत नाही, पण बहुतेकांची नजर सुधारण्याऐवजी तिची घसरण तेवढी मंदावते. २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या रॅनिबिझुमॅब या डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनच्या चाचण्यांत मात्र सुमारे एकतृतीयांश रुग्ण वर्षभरात तक्त्यावरील १५ किंवा अधिक अक्षरे जास्त वाचू लागले, आणि तेव्हापासून लेझर मागे पडले. एक अपवाद अवश्य विचारा. आशियाई लोकांत अधिक आढळणाऱ्या पॉलिपच्या (रक्तवाहिन्यांना फुगवटे येणाऱ्या) प्रकारात इंजेक्शनच्या जोडीला थंड लेझर उपयोगी पडते. त्याचे निदान आयसीजी अँजिओग्राफीने, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या डोळ्याच्या छायाचित्रांनी होते.

निफाडची सून:
माझ्या सासूबाईंना तीन वर्षे इंजेक्शने चालू आहेत. थेंब टाकून डोळा बधिर करतात, त्यामुळे सुईपेक्षा तिची भीतीच मोठी. खर्चाची चिंता असल्यास बेव्हॅसिझुमॅबबद्दल विचारावे: ते मूळचे कर्करोगाचे औषध आहे, परंतु २०११ च्या अमेरिकी तुलनेत नजरेवरील परिणाम रॅनिबिझुमॅबइतकाच आढळला. आमची चूक सांगते. द्राक्षबागेच्या छाटणीच्या गडबडीत दोन तारखा हुकल्या आणि तेवढ्यात गेलेली नजर पुरती परत आली नाही. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी दाखवावे.

पंचवटीकर:
डाव्या डोळ्याचे राहिलेच. कोरड्या प्रकारातील पिवळ्या ठिपक्यांवर लेझर मारून पाहिले गेले, पण त्याने पुढचे नुकसान टळले नाही. विकार मध्यम टप्प्यावर असेल तर ल्युटिन, झिंक इत्यादींच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्या देतात. त्या वाढ मंदावतात, गेलेली नजर आणत नाहीत. वडील धूम्रपान करत असतील तर ते आधी बंद करावे, आणि रेघा वाकड्या दिसतात का, हे चौकटींच्या तक्त्यावर रोज एकेका डोळ्याने पाहावे.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. पॉलिपबद्दल विचारून गुरुवारी पहिले इंजेक्शन घेत आहोत. तक्ता स्वयंपाकघरात लावला आहे. तो पाहून वडील म्हणाले, "नोटेवरची रेघ इतकी वाकडी असती, तर मी तो कागद केव्हाच बाजूला काढला असता."