विषय: ऐरोली-महापेच्या नोकऱ्यांसाठी रेझ्युमेची मांडणी

नमस्कार मंडळी,
नवी मुंबईत परतायचं ठरतंय. अमेरिकेत केलेला दोन रकान्यांचा रेझ्युमे तिकडच्या कंपन्यांना तसाच पाठवला तर चालेल का?
– न्यू जर्सीहून

ताई, नमस्कार.
तसाच नको. आधी कागद बदला. तुमचा लेटर २१६ × २७९ मिमी, इथे झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर, २१० × २९७. रुंदी बदलली की ओळी नव्याने तुटतात, म्हणून बाकी मांडणीला हात नंतर लावा.

दोन रकाने काढाच. माणसाच्या आधी बरेचदा सॉफ्टवेअर वाचतं आणि ते दोन्हीकडच्या ओळी आडव्या, सलग वाचू शकतं. मग डावीकडचं ‘जावा, एसक्यूएल’ उजवीकडच्या कंपनीच्या नावाला चिकटतं. हेडर किंवा टेक्स्ट बॉक्समधला मजकूर काही वेळा सुटूनच जातो. फोन नंबर तिथे नको. पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. क्रम बिघडला तर मांडणी चुकली. काहीच सिलेक्ट झालं नाही तर ते पान नुसतं चित्र आहे.

तारखा उजवीकडे सरकवायला स्पेसबार कृपया वापरू नका. दोन्ही बाजूंना २ सेमी समास ठेवला तर मजकुराला १७ सेमी उरतात. वर्डच्या रूलरवर १७ ला राइट टॅब, म्हणजे तारीख उजव्या कडेला टेकवणारी खूण, लावा. समोरच्याच्या फोनवर कॅलिब्री नसेल तर फॉन्ट बदलतो आणि स्पेस देऊन जुळवलेल्या तारखा वेड्यावाकड्या होतात. मजकूर ११ पॉइंट, शीर्षकं १२ ठळक. परिच्छेदांमध्ये एंटर नको, ‘स्पेसिंग आफ्टर’ ६ पॉइंट.

आणि ०३/०४/२०२१ लिहू नका. तिकडे तो ४ मार्च, इथे ३ एप्रिल. ‘एप्रिल २०२१’ लिहा.
– ऐरोलीहून

काका, मराठी रेझ्युमेबद्दल थोडी भर घालते. शाळा, अनुवाद, प्रकाशन अशा कामांना तो लागू शकतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, समोर तो फॉन्ट नसेल तर, निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा. मंगल किंवा निर्मला यूआय, १२ पॉइंट. ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवून कमी केलं तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. ‘मल्टिपल’ १.१५ ठेवा. वॉक-इन मुलाखतीसाठी स्टेशनजवळ प्रिंट काढायची तर वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. राखाडी अक्षरं काळी करून घ्या, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये ती फिकी पडतात.
– ठाण्याहून