नुसती एनमॉसची रुंदी वाढवून भागणार नाही

चिपमधला सिग्नल ०.४ वरून १.८ व्होल्टवर नेणारा क्रॉस-कपल्ड लेव्हल शिफ्टर (यात वरचे दोन पीमॉस ट्रान्झिस्टर एकमेकांना चालवत आउटपुट वर धरतात आणि खालचे दोन एनमॉस ट्रान्झिस्टर ते खाली खेचतात) पलटत नसेल, तर खालचे एनमॉस रुंद करा, असं या चर्चेत आधी सुचवलंय. १.० वरून १.८ वर जाताना ते चालून जातं. पण ०.४ ला एनमॉस थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) आसपास किंवा खालीच असतो. तिथे त्याचा करंट घातांकी वेगाने घटतो आणि वरच्या पीमॉसला मात्र पूर्ण १.८ मिळतात. या रस्सीखेचीत दहापट रुंदीने करंट साधारण दहापटच वाढणार, शिवाय त्याला चालवणाऱ्या आधीच्या लॉजिक गेटवर लोड चढणार.

मी आधी पीमॉसची लांबी वाढवून त्याला अशक्त करेन. कमी थ्रेशोल्डचे एनमॉसही मदत करतात, फक्त त्यांच्या ऑक्साइडला १.८ झेपतात का हे आधी बघा! तरीही जमलं नाही, तर करंट मिररची (एका शाखेतला करंट दुसरीत उतरवणारी) रचना घ्या.

आणि कृपया फक्त गरम तापमानाला तपासून थांबू नका. इतक्या कमी व्होल्टेजला थंडीत थ्रेशोल्ड वाढतो, म्हणून स्लो एनमॉस, फास्ट पीमॉस आणि उणे ४० अंश हा खरा कसोटीचा कोपरा, म्हणजे सर्वात वाईट परिस्थिती. मॉन्टे कार्लो (ट्रान्झिस्टरमधले यादृच्छिक फरक धरून केलेली अनेक सिम्युलेशन्स) तिथेच चालवा. खालचा, म्हणजे ०.४ व्होल्टचा, पुरवठा बंद झाल्यावर दोन्ही एनमॉस बंद पडतात, तेव्हा आउटपुटला ठरावीक पातळीवर धरून ठेवणारा क्लॅम्प हवाच.