बालीत आहोत. लूत लागलेली कुत्री आणि तिची पिल्लं, काय करता येईल?

रानजाई:
आम्ही बालीच्या पूर्व किनाऱ्यावर आमेडला आलोय. काळ्या वाळूचा किनारा, मागे आगुंग पर्वत. होमस्टेच्या शेजारी एक वारुंग आहे, म्हणजे इथली छोटी खानावळ. तिथे एक कुत्री असते. कानाच्या कडा आणि कोपरं सोलवटलेली, पाठीवर केस नाहीत, कातडी करडी आणि जाड झालेली. खाजवता खाजवता रक्त काढते. आचळं लोंबतायत, कारण ओढून ठेवलेल्या होड्यांखाली तीन पिल्लं आहेत. सकाळी बायका दारात नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि भात ठेवून पूजा करतात. उदबत्ती विझली की ती तोच भात खाते आणि तिला कोणी हाकलत नाही.

लेकीने एका पिल्लाचं नाव चिकू ठेवलंय. दिवसभर त्याच्याशीच खेळते. कोरल लागून तिचा गुडघा खरचटलाय, तिथेही चिकू चाटत बसतो. आठवड्याने परत ठाण्याला. तोवर काय खायला द्यावं, लुतीवर औषध लावू का, एखादं पिल्लू घरी आणता येतं का? मला हे असंच सोडून येववत नाहीये.

देनपासारकर:
ताई, बाकी सगळं नंतर. लेकीला आजच दवाखान्यात न्या, रेबीजचा धोका आहे. खरचटलेल्या कातडीवर कुत्र्याची लाळ लागली, तर ते चावल्याइतकंच गंभीर धरतात. गुडघा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल आणि ते छोट्या दवाखान्यात मिळेलच असं नाही. आधी फोन करून विचारा, प्रवास विमा असेल तर त्यांच्या नंबरवर लगेच कळवा. पिल्लू गोड आहे, ठणठणीत दिसतंय, यावर अजिबात विसंबू नका.

हे इतकं कळकळीने लिहितोय कारण मी कामानिमित्त इथे राहतो आणि पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही. 2008 पर्यंत बालीत रेबीज नव्हता. त्या वर्षी दक्षिणेकडच्या बुकित भागात सुरू झाला आणि बेटभर पसरला. सुरुवातीला स्ट्रिक्निन घालून कुत्री मारली. त्याने साथ थांबली नाही. मारलेल्या कुत्र्याच्या जागी लोक दुसरीकडून नवं, लस नसलेलं पिल्लू आणायचे, म्हणजे विषाणूला पुन्हा मोकळं रान. मग 2010 पासून गावोगाव लस टोचायला सुरुवात झाली. लस दिलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधायचे, आणि माणसांचे मृत्यू खाली आले. रेबीज अजून गेलेला नाही, पण गावात टिकून राहिलेलं लसवालं कुत्रंच गावाला वाचवतं, हे इथे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय.

आता तुमच्या कुत्रीबद्दल. ती बेवारस आहे असं धरून चालू नका. बालीत मोकळी फिरणारी बरीच कुत्री कुठल्या ना कुठल्या घरची असतात. वारुंगवाल्या बाईंना ‘इबू’ म्हणून हाक मारा आणि कुत्री कोणाची ते विचारा. त्यांच्या होकाराशिवाय तिला हलवू नका. खायला साधा भात आणि उकडलेलं अंडं किंवा मासा, मीठमसाला न घालता. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत. ताट त्यांच्याच हाताने ठेवायला लावा. तुम्ही गेल्यावर तिला त्यांच्याच दारात राहायचंय.

पिल्लू घरी आणण्याचा विचार सोडा. सुट्टीवरून परतताना भारतात कुत्रं आणता येत नाही. परदेशात दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्यांसाठी ती मुभा आहे.

फोटो आणि नेमकी जागा प्राणीसंस्थांना पाठवा. उबुदची ‘बावा’ आहे. ‘युधिष्ठिर स्वर्ग’ नावाचीही एक जुनी संस्था इथलीच. महाप्रस्थानातला कुत्रा इथल्या लोकांना चांगला ठाऊक आहे.

समीप:
राग मानू नका, पण ठाण्यात कुत्री कमी आहेत का? तिथे जाऊन कशाला?

रानजाई:
ठाण्यातल्या कुत्र्यांचंही करते. पण आज माझ्या समोर ही आहे.

गोठा (पशुवैद्य, सांगली):
कानाच्या कडा आणि कोपरं म्हणताय, म्हणजे बहुधा सार्कोप्टिक लूत. माणसालाही खाज सुटते, पण ती टिकत नाही. आजार पूर्ण बरा होतो. यावर आता गोळी मिळते, दूध पाजणाऱ्या आईला चालणारीही आहे, पण वजन बघून डॉक्टरच देणार. आमच्याकडे लोक लुतीवर जळकं ऑइल चोपडतात. कृपा करून तसलं काही लावू नका. ती ते चाटणार आणि पिल्लं आचळाला तोंड लावणार. जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आणि घरातली पॅरासिटामॉल, ब्रुफेन हेही नको.

पैसे खर्च करायचेच असतील तर नसबंदीवर करा. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. नुसतं खाऊपिऊ घालून बरी केलीत तर पुढचं वेत लगेच. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध तुटलं की ऑपरेशन, आणि सगळ्यांना रेबीजची लस. साथीच्या भागात तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाही ती देतात.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. इम्युनोग्लोब्युलिन मिळालं, लस सुरू झाली, उरलेले डोस ठाण्यात घेऊ. इबूंनी सांगितलं की कुत्री त्यांच्या दिराची, आणि नसबंदीला ते तयार आहेत. जवळचे व्हेट येऊन तिला गोळी देऊन गेले, पिल्लांना जंताचं औषध आणि लसही दिली. ऑपरेशनचे पैसे त्यांच्याकडेच भरून ठेवलेत, तारीख पुढच्या महिन्यातली. चिकूला लेक आता लांबूनच हाक मारते. रडली, पण समजली.

गोठा:
छान केलंत. इबूंना एवढं सांगून ठेवा, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून तिला खायला द्यायचं नाही. दारातला पूजेचा भातही नाही, त्या सकाळी तिला बांधून ठेवावं लागेल.

रानजाई:
सांगते. तो भात माझ्या लक्षातच आला नसता.