मदत हवी आहे: कुडू-इलँडसाठी कुठली बुलेट घेऊ?
मंडळी, मी जोहान्सबर्गला असतो, जूनमध्ये नामिबियाला परमिट काढून शिकारीला चाललोय, कुडू आणि जमलं तर इलँड, दोन्ही आफ्रिकेतली मोठी हरणं (तिथे कायदेशीर आहे, त्यावरनं वाद नको प्लीज). रायफल थर्टी-ओ-सिक्स, म्हणजे तिकडची बुलेटच्या ऊर्जेची किमान 2700 जूलची अट आरामात बसते. अडलंय ते बुलेटवर. 180 ग्रेन वजनाची नॉस्लर पार्टिशन घेऊ की बार्न्स टीएसएक्स? पार्टिशनचं पुढचं शिसं आदळल्यावर फुलतं नि मधल्या पडद्यामुळे मागचं टिकतं, बार्न्स अख्खी तांब्याची, वजन फारसं घटत नाही पण लांबवर वेग उतरला की नीट फुलते का? साधी मऊ बुलेट तर नकोच, इलँडचा नर 700-800 किलोचा, खांद्याच्या हाडावरच फुटली तर बिचाऱ्याचे हाल. शॉट 150-200 मीटरचे. दोन्ही वापरलेलं कुणी आहे का इथे?