मदत हवी आहे: अमेरिकेत गाईडबाईंचा निरोप समारंभ, आठ मिनिटं आणि महात्मा फुले

कृष्णाकाठचा

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं वाचनमात्र असतो, पण आता पाणी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

माझ्या पीएचडीच्या गाईड निवृत्त होतायत. अमेरिकेच्या राज्यघटनेचा इतिहास हा त्यांचा विषय. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं. डिपार्टमेंटनं सप्टेंबरात दीड दिवसाचा कार्यक्रम ठेवलाय. जुन्या विद्यार्थ्यांची तीन पॅनेल आणि पहिल्या रात्री जेवण. तारीख मुद्दाम १७ सप्टेंबरला लागून धरलीय. १७८७ साली त्या दिवशी फिलाडेल्फियात ३९ जणांनी घटनेवर सह्या केल्या. २००४ च्या कायद्यानं केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला त्या दिवसानिमित्त घटनेवर काहीतरी कार्यक्रम करावाच लागतो. म्हणजे सक्तीचाही उरकला आणि बाईंचाही झाला. आमच्या डिपार्टमेंटची काटकसर बघता नवल वाटलं नाही.

(बाई म्हणजे आपल्या शाळेतल्या बाई. पहिल्याच भेटीत त्यांनी 'मला नावानं हाक मार' म्हणून सांगितलं होतं. सहा वर्षांत जीभ वळली नाही. तोंडावर 'प्रोफेसर', मनात 'बाई'.)

मला जेवणाच्या वेळी आठ मिनिटं बोलायला सांगितलंय. आपल्याकडचे निवृत्तीचे समारंभ पाहिलेत: शाल, श्रीफळ, मानपत्र, 'सरांविषयी बोलावं तेवढं थोडंच' म्हणत चाळीस मिनिटं. इथली रीत मला धड कळलेली नाही. मी स्वतः ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात शिकवतो, तिथं निवृत्तीला केक कापतात आणि घरी जातात.

डोक्यात एक विषय आहे. १८७३ साल. त्या वर्षी जोतीरावांनी 'गुलामगिरी' काढलं आणि ते लिंकनला अर्पण केलं. त्याच वर्षी १४ एप्रिलला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं कत्तलखान्यांच्या खटल्याचा निकाल दिला. लुइझियाना राज्यानं न्यू ऑर्लिन्समधल्या कत्तलखान्यांचा मक्ता एकाच कंपनीला २५ वर्षांसाठी दिला होता. खाटीक कोर्टात गेले, म्हणाले घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनं नागरिकांना दिलेले हक्क आमचेही आहेत. ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. बाई म्हणायच्या, खाटीक हरले त्याचं मला काही नाही. पण त्यांना हरवताना कोर्टानं नागरिकांच्या विशेषाधिकारांचं कलम असं काही सोलून काढलं की ज्यांच्यासाठी १८६८ साली ती दुरुस्ती झाली, ते नुकते गुलामीतून सुटलेले लोक उघड्यावर पडले. निकालाच्या आदल्याच दिवशी, ईस्टरच्या रविवारी, त्याच लुइझियानात कोलफॅक्स गावच्या कोर्टाच्या इमारतीवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं हल्ला केला आणि आतल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. ते प्रकरणही सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८७६ साली आरोपी सुटले.

म्हणजे पुण्यात एक माणूस अमेरिकेचे आभार मानतोय आणि तिकडे अमेरिका दिलेला शब्द गिळतेय. हे निरोपाच्या जेवणात सांगावं का? विषय बाईंच्या काळजाजवळचा आहे, पण लोक हातात वाईनचा ग्लास धरून बसलेले असणार. आणि शालीचं काय? नेऊ का?

अटलांटिकपार

माझ्या नवऱ्याच्या गाईडच्या अशाच कार्यक्रमाला गेले होते, म्हणून अनुभवाचे बोल. पॅनेलमधलं बोलणं आणि जेवणातलं बोलणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पॅनेलमध्ये लोक चक्क पेपर वाचतात, त्यावर टीका होते, आणि ज्यांचा सत्कार तेही पहिल्या रांगेत बसून वाद घालतात. तोच त्यांचा मान. स्तुती करायची नसते, काम पुढे न्यायचं असतं. जेवणात मात्र थट्टा चालते. थट्टाच करतात, खरं तर. आमच्या वेळी एकानं फक्त सरांच्या पार्किंगवर भाषण केलं आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच मिळाल्या.

तुमच्या बाई शेवटी उत्तर देतील. त्यांच्यासाठी वेळ ठेवा. आठ मिनिटं म्हणजे इंग्रजीत हजारएक शब्द, तुम्ही नऊशेच लिहा. लोक हसले तर वेळ जातो, नाही हसले तर आणखी जातो.

आणि नारळ नेऊ नका हो. त्या बिचाऱ्या हातात धरून उभ्या राहतील आणि तुम्हाला अर्थ समजावण्यात दोन मिनिटं जातील.

वकीलबुवा

एक दुरुस्ती. 'गुलामगिरी' लिंकनला अर्पण केलेलं नाही. हे बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, पण चूक आहे. अर्पणपत्रिका अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या सज्जन लोकांना उद्देशून आहे. गुलामांना सोडवण्याच्या कामी त्यांनी जी निःस्वार्थ बुद्धी दाखवली तिच्याबद्दल कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा म्हणून. फुल्यांचं 'समग्र वाङ्मय' काढून बघा, त्यात 'गुलामगिरी'च्या सुरुवातीलाच आहे. इंग्रजीतूनही छापलेली आहे, तेव्हा भाषांतराची कटकटही नाही. जशीच्या तशी वाचा.

तुमच्या बाई घटनेच्या इतिहासाच्या आहेत. लिंकन म्हणालात तर तिथल्या तिथं पकडतील.

आता मतभेदाचं. 'पुण्यात एक माणूस आभार मानतोय आणि तिकडे शब्द गिळतायत' या वाक्यात तुम्ही जोतीरावांना भोळं ठरवताय. त्यांनी आभार सरकारचे मानलेले नाहीत, कोर्टाचे तर नाहीतच. ज्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध झीज सोसली त्यांचे मानलेत. आणि अर्पणपत्रिकेचा रोख अमेरिकेवर कमी, इथल्या लोकांवर जास्त आहे. त्यांनी केलं, तुम्ही कधी करणार, असा. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला, हे विसरू नका. ते पुस्तक लिहून स्वस्थ बसणारे नव्हते.

जोंधळा

+१. बाबासाहेबांनाही आणा की. कोलंबियात शिकले, ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना अमेरिकेच्या दुहेरी (देशाचं वेगळं, राज्याचं वेगळं) नागरिकत्वाची आपल्या एकेरीशी तुलना केली. आणि आपल्या घटना समितीचे सल्लागार बेनेगल राव १९४७ साली अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, फ्रँकफर्टरनी 'ड्यू प्रोसेस'च्या (कायदा न्याय्य आहे का हेही कोर्टानं तपासायचं, या तत्त्वाच्या) भानगडीत पडू नका म्हणून सांगितलं आणि आपल्या कलम २१ मध्ये 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' आली. अमेरिकन लोकांना हे ऐकून मजा वाटते. मी ऑफिसात सांगून पाहिलंय.

सुपारी

ऑफिसात हे ऐकून मजा वाटणारे लोक तुम्हाला कुठे भेटतात?

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. वकीलबुवा, लिंकनबद्दल कान पकडले. शाळेत कुणीतरी सांगितलेलं डोक्यात तसंच राहिलं आणि मी पीएचडी होऊनही पान उघडून बघितलं नाही. बाईंना कळलं तर हसतील. माझ्या थीसिसच्या प्रत्येक पानाच्या कडेला त्या पेन्सिलीनं दोनच प्रश्न लिहायच्या: 'कोण म्हणतं? कधी?' अमेरिकेच्या घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनची फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेची टिपणं आम्ही देववाक्यासारखी वाचायचो तेव्हा त्यांनी आख्खा तास एकाच गोष्टीवर घालवला होता. ही टिपणं १८४० साली, म्हणजे मॅडिसन वारल्यावर छापली गेली, आणि मधल्या काळात त्यानं स्वतः ती दुरुस्त करत आणली होती. तेव्हा १७८७ सालच्या उन्हाळ्यात कोण काय बोललं म्हणून आपण जे वाचतो, त्यात म्हाताऱ्या मॅडिसनचा हात किती, हे आधी विचारा.

जोंधळा, बाबासाहेब आणि फ्रँकफर्टर आठ मिनिटांत बसणार नाहीत. तो पॅनेलचा ऐवज आहे.

थट्टेचं मात्र अवघड आहे. बाईंची थट्टा कशाची करणार? माझीच झालीय नेहमी. पहिल्या सेमिस्टरला माझ्या पेपरला सी मिळाला. मी रडवेला होऊन त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी एक गोष्ट सांगितली. १९८२ साली टेक्सस विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं पेपर लिहिला की खासदारांच्या पगाराबद्दलची १७८९ साली मांडलेली एक दुरुस्ती धूळ खात पडलीय, ती अजूनही मंजूर होऊ शकते. त्याला सी मिळाला. पठ्ठ्यानं चिडून राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहायला घेतली आणि १९९२ साली ती घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती झाली. पुढे २०१७ साली त्याची ग्रेड बदलून ए केली, ते मी पेपरात वाचलं आणि बाईंना ईमेल केली: 'माझी कधी बदलणार?' उत्तर एका ओळीचं आलं. 'त्याचा पेपर सी नव्हता. तुझा होता.'

अटलांटिकपार

अहो, हेच सांगा! तुम्ही एवढ्या लांबून फुले आणि कत्तलखाने घेऊन येताय आणि भाषण तुमच्या खिशात आहे.

मावळतीचा वारा

मी स्वतः गेल्या वर्षी निवृत्त झालो (पुण्यात, कॉमर्स कॉलेज). माझ्या समारंभात सात जण बोलले. त्यातलं मला आज एकच आठवतं. एका मुलीनं माझ्या वर्गात लिहून घेतलेल्या वहीतलं एक वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाली, सर, हे चूक होतं, मी नंतर तपासलं. बाकीच्यांनी मला ज्ञानतपस्वी वगैरे केलं. ते कोणाबद्दल बोलतायत असं मला वाटत होतं.

तेव्हा फुले वगळू नका. पण ते बाईंच्या पेन्सिलीतून येऊ द्यात. सी ची गोष्ट सांगा, मग म्हणा की परवा मी पुन्हा सी मिळवला: लिंकन म्हणालो, कुणीतरी विचारलं कोण म्हणतं, पान उघडलं तर हे निघालं. आणि अर्पणपत्रिका वाचा. तारीख सांगा, १८७३. त्या खोलीतल्या लोकांना १८७३ म्हटलं की पुढचं सांगावं लागणार नाही. खाटीक वगळा, ते जेवतायत.

वकीलबुवा

वाऱ्यांशी सहमत. फक्त अर्पणपत्रिकेतला शेवटचा भाग, शूद्र बंधूंचा, गाळू नका. परदेशी लोकांसमोर वाचताना पुष्कळ जण अमेरिकेच्या कौतुकाशी थांबतात. मग तो नुसता हार घालण्याचा प्रकार होतो.

कृष्णाकाठचा

नाही गाळणार. पहिला खर्डा झालाय, चौदाशे शब्द. बायकोनं घड्याळ लावलं, अकरा मिनिटं वीस सेकंद. कत्तलखाने काढले तर जमेल. कोलफॅक्स मात्र एका वाक्यात ठेवतोय, ते काढवत नाही.

श्रीफळ रद्द. शाल मात्र न्यायचीच, असं आई फोनवर म्हणाली, आणि तिच्यापुढे माझं घटनात्मक संरक्षण चालत नाही. जेवणात न देता शनिवारी बाईंच्या घरी जाऊन देईन. हिमरूची हवी. इकडे दुकानात मिळते ती पॉलिएस्टर निघाली. ऑगस्टपर्यंत औरंगाबादेहून कुणी येणार आहे का?

सुपारी

माझी बहीण येतेय, वीस तारखेला, क्लीव्हलंडला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रंग सांगा.